दादाने दाखवलेला समुद्र

आमच्या डिंभ्यात फोनला रेंज येते ती घरात नाही, धरणात. होडी काठापासून थोडी आत गेली की खिशातला फोन वाजायला लागतो. त्या सकाळी मी ओट्यावर नाचणी पाखडत होते आणि आमचे मालक जाळं काढायला गेले होते. बघता बघता होडी वळली. जाळ्याचे डबे तसेच पाण्यावर तरंगत होते. जाळं पाण्यात सोडून ते कधी परत येत नाहीत, भर पावसातसुद्धा नाही. होडी काठाला लागली, ते वर चढून आले आणि ओट्याखाली उभे राहिले. पायांवरून पाणी गळत होतं.

"मढला जायचंय," ते म्हणाले.

"कोन?"

"दादा. झोपंतच गेला म्हनं."

मी सुपातली राहिलेली नाचणी पाखडून घेतली. मग सूप भिंतीला टेकवलं, लुगडं बदललं आणि निघाले. मढला पोचेपर्यंत त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. बायका माझ्याकडे बघत होत्या. बहीण आली की ओरडणार, पायावर पडणार, असं सगळ्यांना वाटत होतं. मी नुसती बसून राहिले. मागे कुणीतरी बोललं ते मला ऐकू आलं… "भाऊ गेला आन टिपूस न्हाई बाईच्या डोळ्यात." चार माणसांत मला बोलायला कधीच जमलं नाही. आज पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. म्हणून वाटलं, निदान लिहून तरी ठेवावं.

आम्ही दोघंच भावंडं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मढच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीला लांब जावं लागे, तिकडे मुलीला कोण पाठवणार? दादा जायचा. संध्याकाळी आला की पाटी माझ्यापुढे टाकून म्हणायचा, "ह्ये वाच." चुकलं की टपली. मला आज जे लिहिता-वाचता येतं ते चौथीपेक्षा त्या टपल्यांमुळे जास्त. सुट्टीच्या दिवशी आम्ही गुरं घेऊन घाटाच्या अंगाला असलेल्या आमच्या माळावर जायचो. माळ संपला की कडा, आणि कड्याखाली सगळं कोकण. दुपार कलली की खाली फार लांब काहीतरी चमकायचं. दादा बोट दाखवून सांगायचा, "सुमे, त्यो बघ समुद्र." मी डोळे बारीक करून बघत राहायची. गुरं कुणाच्या भातात शिरली तरी मला कळायचं नाही. "मोठा झालो की तुला तितं नेनार," तो म्हणायचा. मी सगळ्या मढला सांगत सुटले होते की आमच्या माळावरून समुद्र दिसतो.

पुढे माझं लग्न होऊन मी डिंभ्याला आले. दादाने जीप घेतली. आधी ओतूर-मढ अशी माणसं भरून वडाप करायचा, मग हळूहळू फिरायला जाणाऱ्या लोकांची भाडी मिळायला लागली. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर… त्याला ते रस्ते तोंडपाठ झाले. दर भाऊबीजेला तो यायचा, ओवाळून झालं की ओट्यावर पाय पसरून बसायचा आणि सांगत राहायचा. कुठे रस्ता पाण्याला लागून जातो, कुठे भरतीला लाट रस्त्यावर येते, कुठे अख्खी जीप बोटीत चढवून पलीकडे नेतात. आमचे मालक हसायचे. "दाजी, हसू नका," दादा म्हणायचा. "तुमचं धरन म्हंजे समुद्राच्या पुढं शेळीचं पानी प्यायचं घमेलं." मी विचारायची, "मला कधी न्हेशील?" तो म्हणायचा, "पुढल्या साली." असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आई गेली, मग वडील गेले. मी विचारायचं सोडून दिलं.

आणि सहा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी न विचारता तो म्हणाला, "भात झोडून झालं की निघायचं. तू, मी आन तुजी वहिनी. दोन रात्री ऱ्हायचं." मला खरंच वाटेना. तो जीपमध्ये बसता बसता म्हणाला, "आन आधार कार्ड घे बरं का संगं. तिकडं हाटेलात लागतं."

मी कार्ड पिशवीत तळाशी, रुमालात गुंडाळून ठेवलं.

मढहून सकाळी निघालो तेव्हा मी सवयीने मागच्या सीटवर चढत होते. दादा म्हणाला, "आज पुढं सुमी बसंल." वहिनी गुमान मागे जाऊन बसल्या. एरवी दादाने मला भाकरी मोडून दिली तरी तोंड वाकडं करणाऱ्या आमच्या वहिनी त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत, उलट "वन्सं, वारं लागंल, कान बांधा," म्हणाल्या. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं. पण मी घाट बघत होते. घाटाच्या तोंडाशी जन्म काढलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा तो घाट उतरत होते. खाली उतरल्यावर मी विचारलं, "आपल्या माळावरनं चमकायचा त्यो समुद्र कुटं?" दादा इतका हसला की त्याला गाडी हळू करावी लागली. "अगं येडे, तितनं कुटं समुद्र दिसतोय? गोदामांची पत्रं व्हती ती. उनात चमकायची."

"मंग तू सांगायचास की…"

"मला तरी कुटं म्हाईत व्हतं तवा!"

समुद्र पहिल्यांदा दिसला तो रेवदंड्याच्या पुढे. झाडांच्या मधून आधी एक निळी पट्टी, मग झाडं संपली आणि पुढे काहीच नाही. धरणाला पलीकडचा डोंगर असतो. इथे पलीकडे काहीच नव्हतं. काशिदला दादाने गाडी थांबवली. पांढरी वाळू, भाजल्यासारखी गरम. मी चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत गेले, वाकले, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि घोट घेतला. आमच्याकडे नवी नदी बघितली की असंच करतात. समुद्र खारट असतो हे मी शाळेत शिकले होते, दादाकडूनही शंभरदा ऐकलं होतं, पण हाताला काय माहीत? मी फुर्रकन थुंकले, पदर तोंडाला लावला. दादा वाळूत बसलाच. पोट धरून हसत होता. "अगं, समुद्राला काय घोडनदी समजली व्हय!" येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माजी बहीन हाय, समुद्र पिऊन बघतीया." मी लाजेने मेले. पण हसूही आवरेना. इतकी मी लग्नानंतर कधी हसले नव्हते.

मुरूडच्या पुढे रस्त्यावरून पाण्यातला किल्ला दिसला, कुणीतरी बांधून पाण्यात ठेवून दिल्यासारखा. मग खाडीवर जीप खरोखरच बोटीत चढवली. पाण्यावर बोट आणि बोटीत जीप, आणि त्या जीपमध्ये मी बसलेली. मी देवाचं नाव घेत होते आणि दादा कठड्याला टेकून बिडी ओढत होता. रात्री दिवेआगरला एका घरी राहिलो. सुपारीच्या वाडीत खोल्या होत्या, मागे विहीर, जेवायला उकडीचे मोदक. मी रुमाल सोडून आधार कार्ड तयार ठेवलं होतं. त्या घरच्या बाईने दादाचं नाव वहीत लिहून घेतलं. माझं कार्ड कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला जाताना तो रस्ता लागला, ज्याचं कौतुक मी इतकी वर्षं ऐकत होते. आरावीच्या पुढे रस्ता समुद्राला चिकटूनच जातो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काळे खडक, आणि खडकावर लाट फुटून पांढरी व्हायची. कुठे बांबूवर मासे वाळत घातलेले, कुठे होड्या उलट्या करून ठेवलेल्या. त्या होड्यांना डांबर लावतात ते आमच्यासारखंच, हे बघून मला बरं वाटलं. समुद्र उजव्या हाताला होता, म्हणजे दादाच्या बाजूला. मी त्याच्याकडे तोंड करूनच समुद्र बघत होते. त्याचं नाक, कानात अडकवलेली बिडी, पांढरे झालेले कल्ल्यांचे केस, आणि त्यांच्या मागे पाणी. आता मला समुद्र आठवायचा म्हटलं तरी आधी त्याचं तोंड आडवं येतं. ते बाजूला सारता येत नाही.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांच्या मधल्या पायऱ्या उतरताना त्याने माझा हात धरला. "घाबरू नको. मी हाय." एवढंच. वहिनी मागून येत होत्या, त्यांचा हात त्याने धरला नाही. तिथे एका दगडावर आम्ही दोघं बसलो. सूर्य पाण्यात बुडेपर्यंत तो बिडीमागून बिडी ओढत होता. एकदा म्हणाला, "सुमे…" मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "काय न्हाई. गार लागतंय का?" ते तिथेच बोलला असता तर… त्या दगडावर त्याने जे मागितलं असतं ते मी दिलं असतं. हात धरला होता त्याने माझा.

परतीच्या दिवशी सकाळी मला समुद्र एकदा शेवटचा डोळे भरून बघायचा होता. पण दादाने उजाडायच्या आत गाडी काढली. "टायम घेतलाय," म्हणाला. कसला टाइम ते मी विचारलं नाही. ताम्हिणी चढलो, पुणं मागे टाकलं, मंचर आलं. मंचरला डावीकडे वळलं की घोडेगाव आणि पुढे आमचं डिंभं. मी पिशव्या मांडीवर घेऊन बसले. गाडी वळली नाही. "दादा, फाटा गेला की." तो समोर बघत म्हणाला, "जुन्नरला जरा काम हाय. दहा मिन्टाचं."

जुन्नरला रजिस्टर कचेरीच्या बाहेर मढचीच दोन माणसं चहा पीत उभी होती. एकाने मला बघून म्हटलं, "या पावणं! समुद्र बघून आलात म्हनं?" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. साक्षीदारांना माहीत, वहिनींना माहीत. कागद टाइप करून तयार. नाव माझंच. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर माझं नाव लागलं होतं ते सोडून द्यायचा कागद, हक्कसोड. घाटाच्या अंगाच्या माळाला शहरातलं गिऱ्हाईक आलं होतं. दादा कागद लिहिणाऱ्याला म्हणाला, "अंगठा घ्या तिचा, चष्मा न्हाई आनला तिनं."

मी म्हटलं, "मला सही येते. आन मी वाचनार."

ते माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. सगळे थांबले. मी बोट ठेवून, ओठ हलवत, शाळेत वाचायची तसं वाचलं. 'राजीखुशीने… कोणाच्याही दडपणाशिवाय…' पुढे एका शब्दावर बोट अडलं. 'विनामोबदला.' मी दादाकडे बघितलं. लहानपणी शब्द अडला की तोच सांगायचा. तो खिशात काडेपेटी शोधत होता. लिहिणारा म्हणाला, "म्हणजे ताई, तुम्ही भावाकडून काही घेतलेलं नाही. प्रेमापोटी देताय."

मी सही केली. आमच्याकडे बहिणी हिस्सा मागत नाहीत. मागितला की माहेरचा उंबरा बंद. भावाने वर्षाला एक लुगडं द्यावं आणि बहिणीने त्यावर आयुष्यभर समाधान मानावं, अशीच रीत. मलाही दुसरं काही नकोच होतं. त्याने घरी येऊन, चहा पिता पिता, "सुमे, सही कर," म्हटलं असतं तरी मी चुलीपुढून उठून केली असती. समुद्र मधे आणायची गरज नव्हती. मी ज्याची वाट बघत म्हातारी झाले, ती एकच गोष्ट त्याने कागदाच्या कामाला वापरली. हे मला गिळवत नाही, आजही नाही.

मग दादा वहिनींना आणि साक्षीदारांना घेऊन मढला गेला. मला त्याने जुन्नरच्या स्टँडवर सोडलं. घोडेगावला डिंभ्याची गाडी दोन तास आली नाही. हातात एक लुगडं, चार नारळ आणि केसांत अजून वाळू. घरी मालकांनी विचारलं, "कसा हाय समुद्र?" मी म्हटलं, "मोठा." सहीचं आठ दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं, न्हायतर म्हायेर तुटलं असतं," आणि जाळं शिवायला बसले.

पण माहेर तुटलंच. मी तोडलं नाही, त्यानेच सोडलं. पुढच्या भाऊबीजेला तो उभ्या उभ्या येऊन गेला, समुद्राचं नाव काढलं नाही. त्यानंतर दरवर्षी त्याचा मुलगा गणेश लुगडं आणून द्यायचा. "दादा का न्हाई आला?" "भाडं हाय, आत्या." माळाला भिंत झाली, लोखंडी गेट बसलं. एकदा मढच्या जत्रेला गेले तेव्हा मी तिथवर चालत गेले होते. गेटवरच्या माणसाने विचारलं, "कुणाकडं?" मी म्हटलं, "कुणाकडं न्हाई," आणि मागे फिरले.

शेवटचा भेटला तो होळीनंतर. एकटाच आला, न सांगता. वाळला होता. धरणाच्या काठी बसला, चहा तिथेच मागवला. कप हातात आल्यावर म्हणाला, "तुजं ह्ये घमेलं बी बरं हाय गं." मी हसले नाही. मग म्हणाला, "सुमे, येकदा जाऊ परत तिकडं. या टायमाला नुसतं बघाया. नुसतं."

त्याने दोनदा 'नुसतं' म्हटलं. त्या एका शब्दात त्याने सगळं कबूल केलं होतं, हे मला तिथेच कळलं. मी म्हणायला हवं होतं, चल. किंवा निदान भांडायला हवं होतं. मी म्हटलं, "मला गाडी लागते."

दोन दिवस त्याच्या शेजारी बसून मी सगळा किनारा पाहिला होता, मला एकदाही गाडी लागली नव्हती. हे त्यालाही माहीत होतं. त्याने मान हलवली, कप विसळून माझ्या हातात दिला आणि गेला. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू… आठ दिवस मला बरं वाटत होतं.

दहाव्यानंतर गणेश जीप विकायला काढत होता. पुढच्या कप्प्यातले कागद तो ओट्यावर ओतून निवडत होता. लायसन, विम्याचे कागद, देवाचे फोटो, आणि एक झेरॉक्स, घडीवर फाटायला आलेली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ह्यो तुमचाच कागद. सहा वर्सं गाडीतच ठिवला व्हता त्यांनी. तलाठ्याकडं सारका लागायचा ना. आता काय करायचाय, तुमी न्या." माळ विकून पाच वर्षं झाली. त्यानंतर तलाठ्याला तो कागद कशाला लागेल, हे मी वहिनींना विचारलं नाही.

घरी आणून मी तो उघडला. शेवटच्या पानावर आमचे फोटो आहेत, कचेरीत कॅमेऱ्यासमोर बसवून काढलेले. दादाचा ताठ. साक्षीदारांचे डोळे मिटलेले. आणि माझा… मी हसते आहे. दात दिसताहेत, तोंड उन्हाने काळवंडलंय, केस विस्कटलेले. माझे जे दोन-चार फोटो कुणी काढले त्यांत मी हसतेय असा हा एकच. तेव्हाचं सगळं आठवलं. मी कॅमेऱ्यासमोर दगडासारखी बसले होते, फोटो काढणारी बाई म्हणत होती, "मावशी, वर बघा." आणि त्या बाईच्या मागे उभं राहून दादाने ओंजळ तोंडाला लावल्यासारखी केली, गाल फुगवले आणि फुर्रकन थुंकल्याची नक्कल केली. मला हसू फुटलं. त्याच क्षणी फोटो निघाला.

बहीण रडवेली दिसली तर कागदावर बरं दिसणार नाही म्हणून त्याने हसवलं, की मी अशी बसलेली त्याला बघवली नाही म्हणून? हे विचारायचं राहिलं. विचारायला एक दुपार मिळाली होती, ती मी गाडी लागते म्हणून घालवली.

कागद आता तांदळाच्या डब्यामागे, पत्र्याच्या पेटीत आहे. मालक जाळ्यावर गेले की काढते. काल नातीची पेन्सिल घेतली आणि 'विनामोबदला' या शब्दावर रेघ मारली. वर जागा थोडी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, 'समुद्र दाखवला.' खाली सही केली.